दीड लाख मैल पळालेली प्रायस: घ्यावी की सोडावी?

टोयोटा प्रायस या हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विद्युत मोटारी या दोन्हींवर चालणाऱ्या गाडीच्या तिसऱ्या पिढीतल्या, म्हणजे अमेरिकेत २०१० ते २०१५ या मॉडेल-वर्षांत विकल्या गेलेल्या गाड्या आज सेकंडहँड बाजारात मोठ्या संख्येने दिसतात आणि त्यांपैकी बऱ्याच गाड्यांच्या मीटरने दीड लाख मैलांचा, म्हणजे सुमारे दोन लाख चाळीस हजार किलोमीटरचा टप्पा ओलांडलेला असतो. कॅलिफोर्नियाच्या बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, अशा गाडीची मागितली जाणारी किंमत साधारणपणे सहा ते नऊ हजार डॉलरच्या दरम्यान असते आणि नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्याला किंवा पहिल्या नोकरीत स्थिरावणाऱ्या कुटुंबाला ती परवडणारी वाटते. अशी एक गाडी मी स्वतः काही वर्षे चालवली, आणि गेल्या उन्हाळ्यात सॅन होजेला एमएससाठी आलेल्या माझ्या भाच्यासाठी तशाच गाड्या पाहत फिरलो, त्या अनुभवाच्या आधारे हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो: गाडी घेण्यासारखी आहे, मात्र ग्राहक तिच्या बॅटरीला जेवढा घाबरतो, त्याच्या निम्म्याने जरी तिच्या इंजिनाला घाबरला, तरी त्याचे बरेच पैसे वाचतील.

एवढे रनिंग झालेली साधी पेट्रोल गाडी आणि तेवढेच रनिंग झालेली प्रायस यांची झीज सारखी नसते, हे प्रथम लक्षात घ्यावे लागते. प्रायसमध्ये नेहमीचा गिअरबॉक्स नाही, क्लच नाही, टॉर्क कन्व्हर्टर नाही, वेगळा स्टार्टर नाही आणि अल्टरनेटरही नाही. इंजिन आणि दोन विद्युत मोटारी एका ग्रहमालिका-गिअरच्या संचाने कायम जोडलेल्या असतात आणि गिअर बदलण्याचे काम मोटारींचा वेग कमीजास्त करून साधले जाते, त्यामुळे घासून संपणारा भाग तिथे जवळपास उरतच नाही. तिसऱ्या पिढीत तर पाण्याचा पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर हे दोन्ही विजेवर चालतात, म्हणून इंजिनाला बाहेरचा एकही पट्टा नाही. गाडी थांबवण्याचे बरेचसे काम मोटारच करत असल्याने ब्रेक पॅड लाख मैल सहज टिकतात. कन्झ्युमर रिपोर्ट्स या संस्थेने २०११ मध्ये २,०६,००० मैल चाललेली २००२ ची, पहिल्या पिढीतली प्रायस तपासली, तेव्हा तिचे ॲव्हरेज गॅलनला ४०.४ मैल भरले. दहा वर्षांपूर्वी त्यांनी तपासलेल्या तशाच, जवळपास नव्या प्रायसला ४०.६ मिळाले होते. बॅटरी मूळचीच होती. ही एकाच गाडीची चाचणी असली, तरी टॅक्सीवाल्यांनी जगभर हीच गाडी का उचलली, याचे उत्तर त्या आकड्यांत मिळते.

आता बॅटरीकडे वळू, कारण भाच्याचा पहिला प्रश्नही तोच होता: "मामा, उद्या बॅटरी गेली तर काय करायचं?" तिसऱ्या पिढीच्या प्रायसमध्ये निकेल-मेटल हायड्राइड प्रकारची बॅटरी असते. तिच्यात २८ मॉड्यूल, प्रत्येकात सहा असे १६८ सेल आणि एकूण २०१.६ व्होल्ट असतात. साठवण मात्र अवघी १.३ किलोवॅट-तास, म्हणजे आजच्या विजेवरच्या गाड्यांच्या तुलनेत नगण्य. गाडीचा संगणक ती कधी पूर्ण भरू देत नाही आणि कधी पूर्ण रिकामीही होऊ देत नाही, आणि तिच्या दीर्घायुष्याचे मोठे कारण हेच आहे. टोयोटाने तिला ८ वर्षे किंवा १ लाख मैलांची आणि कॅलिफोर्नियाचे प्रदूषण-नियम पाळणाऱ्या राज्यांत १० वर्षे किंवा दीड लाख मैलांची वॉरंटी दिली होती. २०१५ ची गाडी धरली, तरी ती मुदत आता संपलेली आहे. थोडक्यात, बॅटरी कधीतरी बदलावी लागणार असे गृहीत धरूनच गाडी पाहावी. नवी बॅटरी मजुरीसह साधारण दोन ते तीन हजार डॉलरपर्यंत बसते, अर्ध्या दिवसात काम होते आणि हल्ली घरी येऊन बसवून देणारेही मिळतात. ज्या खर्चाचा आकडा आधीच ठाऊक आहे, तो गाडीच्या किमतीतून वजा करून बोलणी करता येतात. त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही.

सावध राहायचे ते दुरुस्त केलेल्या, म्हणजे "रिकंडिशन" केलेल्या बॅटरीपासून. २८ पैकी एखाद-दुसरे मॉड्यूल मरते, दुकानदार तेवढेच काढून जुन्या बॅटरीतले दुसरे बसवतो, चेतावणीचा दिवा विझतो आणि काही महिन्यांनी तिसरे मॉड्यूल मान टाकते, कारण सगळी एकाच वयाची असतात. विक्रेता "बॅटरी नुकतीच बदलली आहे" असे म्हणाला, तर पावती मागावी आणि तिच्यावर "नवी" असे लिहिले आहे का, हे पाहावे. तपासणीसाठी ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचण्याच्या जोडणीला, लावायचे वीस-तीस डॉलरचे ब्लूटूथ यंत्र आणि फोनवरचे डॉक्टर प्रायस हे ॲप पुरेसे होते. बॅटरीचे दोन-दोन मॉड्यूलचे १४ ब्लॉक त्यात वेगवेगळे दिसतात. गाडी जोरात पळवताना किंवा चढावर त्यांतला एकच ब्लॉक वारंवार इतरांच्या मागे पडत असेल, तर ती बॅटरी अखेरच्या वाटेवर आहे असे समजावे. यंत्र नसेल, तर पडद्यावरच्या बॅटरीच्या पट्ट्यांवर लक्ष ठेवावे. दोन-चार मिनिटांत त्या पूर्ण भरून पुन्हा जवळपास रिकाम्या होत असतील, तर साठवण उरलेली नाही. आणि मागच्या सीटच्या बाजूची जाळी बोटाने चाचपून पाहावी, कारण बॅटरी थंड ठेवणारी हवा तिथूनच आत जाते. कुत्रा पाळणाऱ्यांच्या गाडीत ही जाळी केसांनी अशी बुजलेली असते की आतला पंखा फिरत असूनही हवा पोहोचत नाही, आणि मग चांगली बॅटरीसुद्धा उष्णतेने लवकर जाते.

एवढे झाल्यावर बहुतेक ग्राहक समाधानाने व्यवहार करतात, आणि नेमके तिथेच फसतात. तिसऱ्या पिढीच्या १.८ लिटर इंजिनात धुरातला काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात सोडण्याची व्यवस्था आहे. तिला ईजीआर म्हणतात. दुसऱ्या पिढीच्या दीड लिटर इंजिनात धूर थंड करणारा हा कूलर नव्हता. कल्पना चांगली आहे, तिच्यामुळे ॲव्हरेज वाढते. पण लाखभर मैलांनंतर त्या कूलरच्या बारीक नळ्यांत काजळी साचते आणि इनटेक मॅनिफोल्डमधून, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या जोडणीतून, चारही सिलिंडरांकडे जाणारी लहान छिद्रेही बुजू लागतात. ती सारख्या प्रमाणात बुजत नाहीत, हीच खरी अडचण आहे: एखाद्या सिलिंडरला थंड केलेला धूर मिळतच नाही, तिथले ज्वलन अधिक तापते, ठोके पडू लागतात आणि कालांतराने हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि सिलिंडर यांमधला सांधा बंद ठेवणारी चकती, तिथे हार मानते. किमान या इंजिनांवर रोज काम करणाऱ्या मेकॅनिकांचे निदान असे आहे, आणि मी जे पाहिले ते त्याच्याशी जुळते. गॅस्केट गेले की कूलंट रात्रभर थेंबथेंब सिलिंडरमध्ये झिरपते आणि सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिन मिस मारते. दुरुस्ती दोन हजार डॉलरच्या खाली क्वचितच होते, चार हजारांपर्यंतही जाते. हेड वाकले असेल, तर जुन्या गाडीतले दुसरे इंजिन उचलून बसवणे स्वस्त पडते, पण त्या इंजिनातही तीच काजळी असण्याची शक्यता असते. बॅटरीच्या खर्चाचा अंदाज आधी बांधता येतो. इथे तसे नाही.

हा दोष फक्त थंड इंजिनावर दिसतो. मिलपिटासला आम्ही २०११ ची चंदेरी गाडी पाहिली. मीटरवर १,६२,००० मैल, आतून स्वच्छ, टायर नवे. रात्रीपासून गाडी सुरू करू नका, असे फोनवर सांगितले होते, तरी पोहोचलो तेव्हा बॉनेट कोमट लागले. चालवून पाहिली, कुठेही खोट सापडली नाही. मग दुसऱ्या एका सकाळी मालक उठायच्या वेळेलाच गेलो. पॉवर बटण दाबल्यावर "रेडी" दिवा लागला, काही सेकंद शांतता, आणि इंजिन सुरू होताच डॅशबोर्डसकट सगळी गाडी थरथरू लागली. कपहोल्डरमध्ये पडलेली नाणी खुळखुळत होती. दहाएक सेकंदांत सारे पुन्हा लोण्यासारखे गुळगुळीत. थंडीत असे होतेच, असे मालकाने सांगितले, पण जुलै महिन्यात मिलपिटासला कसली थंडी? बॉनेट उघडून पाहिले, तर कूलंटच्या टाकीची पातळी "लो" रेषेच्या खाली होती आणि झाकणाच्या कडेला गुलाबी पापुद्रा धरला होता. जमिनीवर गळतीचा डाग नसताना कूलंट कमी होत असेल, तर ते जाते कुठे, याचे उत्तर ती थरथर देत होती. भाच्याला गाडीचा रंग फार आवडला होता, पण तिथे बोलणीही केली नाहीत.

याच इंजिनाची दुसरी तक्रार ऑइल खाण्याची आहे. पिस्टन रिंगांमध्ये कार्बन बसतो आणि हजार-दीड हजार मैलांत एक क्वार्ट, म्हणजे जवळपास एक लिटर, ऑइल उडते. शेवटच्या वर्षांतल्या, विशेषतः २०१५ च्या गाड्यांत ही तक्रार कमी आढळते, म्हणून पर्याय असेल तर २०१५ चीच पाहावी असे मी सुचवेन. टोयोटाने ऑइल बदलण्याची मुदत १०,००० मैलांची सांगितली आहे. ऑइल खाणाऱ्या इंजिनात ती पाळणारा मालक मधल्या काळात डिपस्टिक पाहत नसेल, तर ते इंजिन अर्ध्या ऑइलवर पळालेले असते. डिपस्टिक ओढून पाहायला अर्धा मिनिट लागतो, तरी किती विक्रेत्यांच्या गाडीत ती जवळपास कोरडी निघते, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

ब्रेकविषयी थोडक्यात. या गाडीत ब्रेकचा दाब एका विद्युत पंपाने तयार होतो. गाडी उभी असताना, पेडल न दाबताही तो पंप दर काही सेकंदांनी गुरगुरत असेल, तर ब्रेक बूस्टरचा संच आतून गळतो आहे. टोयोटाने या भागाची वॉरंटी वाढवून दिली होती, पण तीही आता संपल्यात जमा आहे आणि नव्या संचाचा खर्च हजारांच्या घरात जातो. शिवाय बॅटरीची वीज मोटारींना पुरवणाऱ्या इन्व्हर्टरसाठी २०१४, २०१८ आणि २०२० मध्ये रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्तीसाठी कंपनीने गाड्या परत बोलावण्याचे आदेश, निघाले होते. गाडीचा व्हीआयएन, म्हणजे तिचा स्वतंत्र ओळख क्रमांक, अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर टाकला की कोणते काम राहिले आहे ते फुकट कळते, आणि राहिलेले रिकॉलचे काम डीलर पैसे न घेता करून देतो. डिकीतली १२ व्होल्टची लहान बॅटरी अशक्त झाली, की डॅशबोर्डवर दिवाळीसारखे सगळे दिवे लागतात आणि माणूस मोठी बॅटरी गेली म्हणून हादरतो. विक्रेताही कधी याच समजुतीने घाईत गाडी स्वस्तात काढतो. असा विक्रेता भेटला, तर ते आपले नशीब.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी गाडीखाली वाकून धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर आहे का आणि तो मूळचा आहे का, हेही पाहावे. प्रायसमधले कन्व्हर्टर चोरांचे आवडते आहेत. दुसऱ्या पिढीतल्या गाड्या त्यात आघाडीवर असल्या, तरी तिसरी पिढीही सुटलेली नाही. राज्याच्या नियमांत बसणारा नवा कन्व्हर्टर दोन हजारांहून अधिक डॉलर घेतो. बाहेरून आणलेला स्वस्त भाग लावला असेल, तर गाडी स्मॉग, म्हणजे धुराच्या, चाचणीत अडकते. चाचणीचे ९० दिवसांच्या आतले प्रमाणपत्र देणे ही इथे विक्रेत्याची जबाबदारी आहे. "स्मॉग तुम्हीच करून घ्या, शंभर डॉलर कमी करतो" असे म्हणणाऱ्याशी पुढे बोलू नये.

गाडी म्हणून ती कशी आहे, हेही सांगितले पाहिजे. बसायला ऐसपैस, मागचे दार वर उघडणारे, आणि भारतातून आलेल्या आईवडिलांच्या चार मोठ्या बॅगा विमानतळावरून एका फेरीत घरी आणता येतील एवढी डिकी. पिकअप बेताचा: इंजिन आणि मोटार मिळून १३४ अश्वशक्ती. फ्रीमाँटहून प्लेझन्टनकडे जाताना सुनोल ग्रेडच्या चढावर इंजिन मोठ्याने ओरडते, पण वेग टिकवते. रस्त्याचा आवाज आत फार येतो आणि जुन्या गाडीत आतले प्लास्टिक कुरकुरते. त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नाही, सवय करून घ्यावी लागते. मागच्या काचेच्या मधोमध आडवी पट्टी आहे, ती पहिले काही दिवस खटकते. अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेने हिला गॅलनला ५० मैलांचे संयुक्त ॲव्हरेज दिले आहे, म्हणजे लिटरला सुमारे २१ किलोमीटर. शहरात आणि रांगेत अडकलेल्या हायवेवर ते खरोखर मिळते. मोकळ्या रस्त्यावर ताशी ७५ मैलांच्या वेगाने पळवली, तर ते पंचेचाळिशीकडे घसरते.

तेव्हा हिशोब असा मांडावा. वर्षाला १२,००० मैल चालवणाऱ्याला ४८ च्या ॲव्हरेजने २५० गॅलन पेट्रोल लागते. त्याच काळातल्या, ३० चे ॲव्हरेज देणाऱ्या कोरोलाला ४०० गॅलन. फरक १५० गॅलनचा, म्हणजे साडेचार डॉलर दराने वर्षाला ६७५ डॉलर. बॅटरीचा खर्च तीन-चार वर्षांत भरून निघतो, पण हेड गॅस्केट एकदा गेले की तेवढ्याच वर्षांची बचत त्यात जाते. वर्षाला पाच-सहा हजार मैलांच्या वर ज्यांचे रनिंग नाही, घरून काम करतात किंवा बार्टने, म्हणजे इथल्या लोकल रेल्वेने, जातात, त्यांनी सरळ कोरोला घ्यावी. तिचे काम कोणताही मेकॅनिक करतो, आणि पेट्रोलमध्ये वाचणारे तीनशे-साडेतीनशे डॉलर या साऱ्या तपासणीच्या लायकीचे नाहीत. रोज साठ-सत्तर मैलांची ये-जा असणाऱ्यांचा, किंवा फावल्या वेळात डिलिव्हरी करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. त्यांना ही गाडी लवकर पैसे परत करते.

बजेट थोडे वाढवता येत असेल, तर २०१६ पासूनची चौथी पिढी पाहावी. तिचे ॲव्हरेज ५२ आहे आणि ईजीआरची रचनाही सुधारलेली आहे. सव्वा लाख मैलांची चौथी पिढी मला दीड लाख मैलांच्या तिसऱ्या पिढीपेक्षा, दोन-तीन हजार डॉलर जास्त देऊनही, अधिक पसंत पडेल. उलट दिशेने, २००४ ते २००९ ची दुसरी पिढी इंजिनाच्या बाबतीत साधी आणि चिवट आहे, ॲव्हरेज ४६. पण आता तिचे रबर, सेन्सर, वायरिंग सारेच म्हातारे झाले आहे आणि कन्व्हर्टरची चोरी तिच्याच वाट्याला जास्त येते. स्वतः पाना धरणाऱ्याने तिच्याकडे वळावे, इतरांनी नाही. पुण्यामुंबईतल्या ज्या नातेवाइकांनी इनोव्हा हायक्रॉस सेकंडहँड घेण्याविषयी विचारले, त्यांना मी एवढेच सांगितले, की त्या गाडीतही १६८ सेलची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीच आहे आणि भारतात तिला ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे, तेव्हा सर्व्हिस बुकातला शेवटचा शिक्का आणि मीटर हे दोन्ही आधी पाहावेत.

भाच्यासाठी शेवटी २०१५ ची, १,५५,००० मैलांची पांढरी गाडी घेतली. मालकाकडे बिलांची जाडजूड फाइल होती. त्यात १,२०,००० मैलांना ईजीआर कूलर आणि मॅनिफोल्ड साफ केल्याची पावती होती, आणि आमच्या दृष्टीने नव्या टायरांपेक्षा, नव्या बॅटरीपेक्षाही तिची किंमत जास्त होती. पहाटेचा पहिला स्टार्ट पाहिला, कूलंटची पातळी पाहिली, हायब्रिडवर काम करणाऱ्या मेकॅनिककडे दोनशे डॉलर देऊन तपासणी करून घेतली. त्याने ईजीआरची नळी सोडवून आतली काजळी दाखवली: करड्या रंगाची पातळ पूड होती, घट्ट थर नव्हता. बॅटरी मूळचीच असल्याने मागितलेल्या ८,२०० डॉलरवरून ७,४०० वर व्यवहार ठरला. मालकाला बॅटरीची पूर्ण किंमत कमी करायची नव्हती आणि आम्हाला ती पावती सोडायची नव्हती. घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात बॅटरीच्या पंख्याची जाळी साफ केली, ट्रान्सॲक्सलचे, म्हणजे गिअर आणि मोटारींच्या संचाचे, ऑइल बदलले, कन्व्हर्टरखाली पत्र्याचे कवच बसवले, आणि इंजिनाचे ऑइल दर पाच हजार मैलांना बदलायचे ठरवले. ईजीआर पुन्हा १,७०,००० ला उघडायचा आहे. दहा दिवसांच्या मुदतीत नावावर करून घेतलेल्या कागदांसोबत ग्लोव्ह बॉक्समध्ये तशी चिठ्ठीही ठेवली आहे.